आधी तिचा चेहरा दाखवा

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीनं 'थॉर'ची नवी मालिका सुरू केली. थॉर हा मूळचा उत्तर युरोपातल्या पुराणांमधला मेघगर्जनेचा देव. १९६२ पासून तो कॉमिकमध्ये पिळदार दंडांचा, सोनेरी केसांचा पुरुष म्हणून वावरत होता. त्याचा हातोडा फक्त लायक माणसालाच उचलता येतो, असं त्या हातोड्यावरच कोरलेलं आहे. नव्या मालिकेत थॉर स्वतःच ती लायकी गमावतो. हातोडा चंद्रावर पडून राहतो, भल्याभल्यांना हलत नाही, आणि एक बाई येऊन तो उचलते. लेखक जेसन आरन, चित्रकार रसेल डॉटरमन. ही बाई कोण हे बरेच अंक गुलदस्त्यात ठेवलं होतं. आठव्या अंकात कळतं, की ती जेन फॉस्टर, म्हणजे १९६२ पासून याच मालिकेत थॉरची प्रेयसी म्हणून मागे उभी असलेली.

गोष्ट जुनी झाली, पण तिच्यावरून आमच्या घरात झालेला वाद अजून ताजा आहे. वाद घालणारे दोघे म्हणजे माझा थोरला भाऊ आणि माझी मुलगी. भाऊ नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झाला. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक त्यानं शाळेत असल्यापासून जमवले आणि बांधून घेतले. मुलगी चित्रकार आहे, शाळकरी मुलांना कॉमिक काढायला शिकवते. नाशिकला गंगापूर रोडवर आमच्याकडे जेवणं उरकली होती, टेबलावर एका बाजूला थॉरचे अंक आणि दुसऱ्या बाजूला इंद्रजालचे बांधीव खंड होते. दोघांचं बोलणं इथं देते आहे. मध्ये माझं मत आलं तर तेही लपवणार नाही, कारण हा वाद मला कॉमिकपुरता वाटत नाही.

मामा : बाई नायिका असण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी म्हणतो, तिला दुसऱ्याचा अंगरखा का घालता? तिच्या मापाचा नवा शिवा ना. १९३५ साली मुंबईत वाडियांनी 'हंटरवाली' हा सिनेमा काढला. नाडियानं चाबूक हातात घेतला आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. ती कुणाची वारसदार म्हणून आली नव्हती. अलीकडे मुंबईच्याच अभिजीत किणींनी 'अँग्री मावशी' काढली. तीही स्वतःच्या नावावर उभी आहे. असं करायला हिंमत लागते. जुन्या नायकाच्या नावावर बाई उभी करायला हिंमत लागत नाही, फक्त मालकी हक्क लागतात.

भाची : नाडियाचा मुखवटा आला कुठून, मामा? वाडियांना हॉलिवूडच्या डग्लस फेअरबँक्सचं वेड होतं. त्याचा 'मार्क ऑफ झोरो' १९२०चा. मुखवट्याआडून गरिबांसाठी लढणारा नायक लोकांना आधीच ठाऊक होता, म्हणून नाडिया पडद्यावर आल्या आल्या लोकांना कळली. कोऱ्या पाटीवर कुणीच येत नाही.

मामा : प्रेरणा वेगळी आणि नाव उचलणं वेगळं. अहिल्याबाईंचं बघ. नवरा खंडेराव कुंभेरीला पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, पुढच्या वर्षी मुलगा मालेराव गेला. तिथून १७९५ पर्यंत बाईंनी होळकरांचं राज्य सांभाळलं. पण त्या मल्हारराव झाल्या नाहीत. अहिल्याबाई म्हणूनच राहिल्या, आणि आज लोकांच्या तोंडी कुणाचं नाव जास्त आहे? चांदवडला होळकरांच्या रंगमहालात जाऊन विचार.

भाची : विचारते. पण गादी कुठली होती? मल्हाररावांचीच ना? तिथंही दिवाणानं हेच सांगितलं होतं, की बाईनं कशाला, एखादं मूल दत्तक घ्या आणि त्याच्या नावानं चालू द्या. राघोबादादा फौज घेऊन इंदूरच्या दिशेनं निघाले. हे आपल्या आनंदवल्लीचे राघोबादादा, इथून चालत जाता येईल एवढं अंतर. बाईंनी तेव्हा 'मी माझी वेगळी गादी काढते' असं म्हटलं नाही. आहे तीच गादी माझी, असं सांगितलं.

इथं मला भावाचं म्हणणं अर्धं पटलं आणि मुलीचंही अर्धं. गादी तीच आणि नाव स्वतःचं, हे अहिल्याबाईंना जमलं होतं. कॉमिकमध्ये ते का जमू नये, असं मी विचारलं. मुलीनं लगेच सांगितलं, की कॉमिकमध्ये नाव हीच गादी असते. मुखपृष्ठावर 'थॉर' हे नाव आहे तोवर अंक दुकानात समोर लागतो, ते काढलं की मागच्या फळीवर जातो. मग तिनं भावाच्या खंडांपैकी एक ओढून उघडला.

त्या पानांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. कागद पिवळा पडलेला, कडा कापताना बाइंडरनं संवादाच्या फुग्यांची टोकं छाटलेली. इंद्रजालचा मुखवटेवाला नायक वेताळ, त्याच्या पोशाखाचा जांभळा रंग खांद्यापाशी काळ्या रेषेच्या बाहेर गेलेला. भावानं सवयीनं तिथं बोट ठेवलं आणि म्हणाला, "रजिस्टर हललंय." आयुष्यभर छपाईत काढलेल्या माणसाला आधी तेच दिसतं. पण त्याच पानावर तो दहाव्या वर्षी तासन् तास रेंगाळत असे, हे मी पाहिलेलं आहे. इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४चा आणि प्रकाशन १९९० पर्यंत चाललं. एवढ्या वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची वाचायची सुरुवात त्यातून झाली. त्या मुलांना या नायकांबद्दल जो जिव्हाळा वाटतो, तो मी हलका मानत नाही. भावाचा विरोध त्या जिव्हाळ्यातून येतो. 'बायकांना कशाला' या जातीचा विरोध तो नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

भाची : मग हा तुझा वेताळच घेऊ. १९३६ साली ली फॉकनं काढला. हा एक माणूस आहे का?

मामा : नाही. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून एकटा वाचलेला पहिला वेताळ. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर त्यानं शपथ घेतली. तिथून बाप गेला की मुलगा, असं चालत आलं. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातले लोक समजतात, की चारशे वर्षं हा एकच आहे, याला मरण नाही.

भाची : म्हणजे एकवीस जणांनी एकच अंगरखा घातला, ते तुला चाललं. आणि सतराव्याच्या जुळ्या बहिणीनं, ज्युलीनं, घातला तेव्हा?

मामा : ज्युलीची गोष्ट मला ठाऊक आहे. भाऊ जखमी होऊन पडला म्हणून तिनं पोशाख चढवला. चांगली लढली. पण ती बदलीवर आली होती. भाऊ बरा झाला, तिचं काम संपलं. एकवीस जणांच्या यादीत तिचा आकडा नाही.

भाची : तेच म्हणते मी. लढाई केली, आकडा मिळाला नाही. आता एकविसाव्यालाही जुळी आहेत, किट आणि हेलोइज. बाविसावा कोण, हा प्रश्न आलाच, तर मुलगाच असं का धरायचं? आणि तू म्हणतोस, मूळ गोष्टीला हात लावू नये. इंद्रजालवाल्यांनी वेताळाच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं होतं. गोरा माणूस जंगलात सिंहासनावर बसून काळ्या लोकांना न्याय देतो, याबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा हात लावला तो चालला?

मामा : नाव बदललं ते इथल्या वाचकाला खुपू नये म्हणून. आणि सिंहासनाबद्दल तू म्हणतेस ते खरंच आहे. आता वाचताना ते मलाही टोचतं.

भाची : आणि पवित्र प्रभाकर? २००४ मध्ये शरद देवराजन आणि जीवन कांग यांनी स्पायडरमॅन मुंबईत आणला. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, धोतर नेसला. तो अंक तूच मला आणून दिला होतास. तेव्हा म्हणाला नाहीस, की मराठी मुलासाठी वेगळा नायक काढा, अमेरिकन पोराचं जाळं त्याला कशाला.

भाऊ यावर थांबला. हा प्रश्न त्याला लागला, हे दिसत होतं. आपल्या मुलखातला, आपल्यासारख्या नावाचा मुलगा त्या मुखवट्यात आला तेव्हा आनंद झाला होता. तोच आनंद एखाद्या मुलीला होत असेल तर तो नाकारायचा कसा, हे त्याच्या मनात आलं असावं. पण त्याचं उत्तरही विचार करण्यासारखं होतं.

मामा : आनंद झाला होता, कबूल. पण पवित्र आला म्हणून पीटर गेला नाही. दोघं आपापल्या शहरात राहिले. इथं तुम्ही एकाच्या हातून काढून दुसरीच्या हातात देता. त्यात एकाचा अपमान होतो आणि दुसरीला आयुष्यभर 'ही खरी नव्हे' असं ऐकावं लागतं. म्हणजे दोघांचंही नुकसान.

भाची : अंक वाचलेस ना सगळे?

मामा : वाचले. आणि तुला सांगतो, गोष्ट उत्तम आहे. जेनला स्तनाचा कॅन्सर आहे, केमोथेरपी चालू आहे. हातोडा उचलून ती थॉर झाली, की अंगातलं विष निघून जावं तसं ते औषधही निघून जातं. पुन्हा माणूस झाली, की आजार होता तिथून पुढं सरकलेला. हे तिला माहीत आहे, तरी कुणी हाक मारली की ती हातोड्याला हात घालते. एका पानावर ती दवाखान्यात, डोक्याला रुमाल, मनगट काडीसारखं. पान उलटलं की तीच आभाळ फाडत निघालेली. मूळ थॉर देव होता, त्याला पराक्रम करायला काही मोजावं लागत नव्हतं. हिला प्रत्येक वेळी मोजावं लागतं. त्या हातोड्यावरच्या लायकी शब्दाला पन्नास वर्षांत पहिल्यांदा वजन आलं, असं मी म्हणेन. थॉरनंही तिचं काम पाहून आपलं नाव तिला देऊन टाकलं, तेही मोठेपणाचं.

भाची : मग भांडण कशाचं?

मामा : पुढं काय झालं त्याचं. २०१८ मध्ये तिची गोष्ट संपवली आणि जुना थॉर परत आला. म्हणजे चार वर्षांसाठी घर भाड्यानं दिलं होतं. मालक गावाला गेलेला, परत आला, भाडेकरूला नमस्कार. २०२२च्या सिनेमातही तेच. नाताली पोर्टमननं जेनचं काम केलं, आणि शेवटी जेन मरते, तो उरतो. आणि सुरुवात आठव. ही घोषणा झाली टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात, वाजत गाजत. नंतर कितीतरी अंक तिचा चेहरा झाकलेला, कोण असेल ओळखा पाहू असा खेळ. एवढा गाजावाजा करून तुम्ही बाईला आणता, तिचा चेहरा झाकून ठेवता, तो दाखवता तेव्हा ती मरणाच्या वाटेवर असते, आणि मग वारसा मूळ मालकाकडे. मला यात सन्मान दिसत नाही. म्हणून म्हणतो, तिचं स्वतःचं घर बांधा.

त्याचं हे बोलणं मला सगळ्यात भिडलं. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये बायकांना आधी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ पासून निम्म्या. कितीतरी बायकांनी त्या खुर्चीचं सोनं केलं. पण सरपंचबाई ग्रामसभेत मागे बसलेल्या आणि त्यांचे यजमान पुढं होऊन बोलताहेत, हेही आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आरक्षण फिरलं की खुर्ची पुन्हा घरातल्या पुरुषाकडे. वारसा देणं आणि वारसा देऊन बाजूला होणं, यात फार अंतर आहे. भावानं नेमकं तिथं बोट ठेवलं होतं.

मुलीनं हे मान्य केलं. आढेवेढे न घेता म्हणाली, की परत घेणं हा अन्यायच आहे. पण तेवढ्यावरून देणंच चूक होतं असं म्हणता येणार नाही. आणि मग ती मूकपट काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांकडे वळली. मला वाटतं, नाशिककरांनी या वादात आधीच तिथं जायला हवं होतं.

भाची : मामा, हे सगळं अमेरिकेत २०१४ मध्ये झालं म्हणून आपण एवढं बोलतोय. नाशिकमध्ये ते शंभर वर्षांपूर्वी झालं आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत झाला. त्यात तारामती झाले अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला बाई तयार होईना. मग दादासाहेब नाशिकला आले आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' केला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. भारतीय सिनेमातल्या या पहिल्या बायका. मोहिनी म्हणजे कोण? विष्णूच ना. भस्मासुराला संपवायला खुद्द विष्णू बाईचं रूप घेतो, आणि आपल्या पडद्यावरच्या पहिल्या बायकांपैकी एकीच्या वाट्याला तीच भूमिका येते. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके राम पण आणि सीता पण. राम पडद्यावर आला, की लोक चपला काढून हात जोडत, असं सांगतात. तोच माणूस थोड्या वेळानं सीता होऊन आला तरी कुणाचं काही बिघडलं नाही.

मामा : ती गरज होती गं. बायका मिळत नव्हत्या. पत्नी सरस्वतीबाईंना दादासाहेबांनी तारामतीचं काम करायला विचारलं होतं, त्यांनी नकार दिला. सगळ्या कंपनीचा स्वयंपाक, अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं, उन्हात पांढरे पडदे धरून उभं राहणं, हे सगळं त्यांनी केलं. कॅमेऱ्याच्या पुढं मात्र साळुंके. यात कुठला समतेचा विचार होता?

भाची : गरजेतून झालं म्हणून ते कमी होत नाही. आणि 'कालिया मर्दन'ला गरज कुठली होती? बाळकृष्णासाठी मुलगे मिळत होते की. घरात मुलगे होते, 'हरिश्चंद्र'मधला रोहिदास त्यांचाच मुलगा भालचंद्र. तरी १९१८च्या 'श्रीकृष्णजन्म'मध्ये आणि १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती त्यांची मुलगी, मंदाकिनी. हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी, नाशिक. आणि सुरुवात कशी केली आहे बघ.

तिनं ती सुरुवात लावून दाखवली. मूकपट असल्यानं खोलीत फक्त पंख्याचा आवाज. आधी पाटी येते, की ही सात वर्षांच्या मुलीच्या मुद्राभिनयाची झलक आहे. मग पडदाभर मंदाकिनीचा चेहरा. मुकुट नाही, मोरपीस नाही, एका मराठी घरातली साधी मुलगी. ती हसते, मग तोंड वेंगाडते, मग डोळे वटारते, मग रडू फुटेल असं तोंड करते. प्रत्येक भाव दुसऱ्यापासून स्वच्छ वेगळा. कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा साज चढतो आणि कथा सुरू होते. खोड्या होतात, लोणी चोरलं जातं, आणि शेवटी ही मुलगी यमुनेत उडी घेते. पाण्याखाली नागाशी झटापट, काठावर यशोदेचा आक्रोश, आणि मग कालियाच्या फण्यावर उभी राहून ती वर येते. शंभर वर्षांपूर्वीची कृती, तरी तो नाग वर येताना आजही अंगावर काटा येतो.

भाची : बघितलंस? बापानं लपवलं नाही. आधी सांगितलं, ही माझी मुलगी आहे, हिचा चेहरा नीट बघून घ्या. मग म्हणाला, आता हा कृष्ण. आणि लोकांनी हात जोडले. भारतातला सगळ्यात मोठा, सगळ्यात लाडका नायक. त्याच्यापुढं थॉर काय आणि वेताळ काय. त्याचा मुकुट सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि कृष्ण तसूभर कमी झाला नाही.

मामा : पण ते नाटकातलं काम झालं. मंदाकिनी कृष्ण झाली, कृष्ण काही मुलगी झाला नाही. गोष्टीत तो नंदाचा पोरच राहिला. थॉरच्या गोष्टीत बाई बाई म्हणूनच थॉर होते. दोन्ही एकच नव्हे.

भाची : एक नाहीत, बरोबर आहे. पण बघणाऱ्या मुलीला काय दिसतं? माझ्या वर्गात मुलींना सांगितलं, की सुपरहिरो काढा, तर बऱ्याच जणी मुलगाच काढतात. नाहीतर गुलाबी झगा घातलेली, हातात जादूची कांडी घेतलेली कुणीतरी. मग मी सांगते, समजा तुम्ही स्वतः मारुती झालात, आता काढा. मग गदा येते, डोंगर येतो, वेणी उडालेली असते, गुडघ्यावर शाळेत पडल्याची खपली असते. नवी नायिका शोधा म्हटलं तर त्या बुजतात. जुन्या नायकाच्या जागी स्वतःला काढा म्हटलं की हात मोकळा होतो. तुझं 'नवं घर बांधा' मला पटतं, पण घर बांधायला लागणारी ताकद कुठून तरी यावी लागते. ती अशी येते.

या मुली मी पाहिल्या आहेत. म्हणून मुलीच्या या मुद्द्यावर मला स्वतःला काही विचारायचं उरलं नाही. भावानं मात्र तो सोडला नाही, आणि बोलणं अशा ठिकाणी गेलं जिथं दोघंही गंभीर झाले.

भाची : मामा, आपल्या गावात दार कुणासाठी उघडायचं यावर मोठा लढा झालेला आहे. २ मार्च १९३०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं काळाराम मंदिरापुढं उभी राहिली. त्यात बायकाही होत्या. मागणी वेगळ्या देवळाची नव्हती. राम सगळ्यांचा असेल, तर दार सगळ्यांना उघडं हवं, ही होती. 'तुमचं वेगळं काढा' हे ऐकायला उदार वाटतं, पण त्याचा अर्थ 'हे आमचं राहू द्या' असाही होतो.

मामा : आणि मग? पाच वर्षं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेब येवल्यात काय म्हणाले? हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. येवलाही आपल्याच जिल्ह्यातलं. १९५६ मध्ये नागपूरला आपली वाट घेतली. जे दार उघडत नाही त्याच्यापुढं जन्म काढायचा नाही, हे त्यांनीच दाखवलं.

मी इथं दोघांना थांबवलं. तिथं माणसांना माणूस म्हणून जगू देण्याचा प्रश्न होता, आणि त्याची किंमत लोकांनी अंगावर झेलली. कॉमिकमधल्या नायकाच्या वारसाहक्काशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही, ती करूही नये. दोघांनी ते मान्य केलं. पण नाशिकच्या माणसाला 'हक्क मागायचा की वेगळी वाट काढायची' असा प्रश्न पडला, की काळाराम आणि येवला आठवल्याशिवाय राहणार नाहीत, हेही खरं. मुलीनं फक्त एक वाक्य जोडलं, आणि ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, "येवल्याची घोषणा काळारामच्या सत्याग्रहानंतर झाली, मामा. दोन्ही एकाच चळवळीनं केलं. तू त्यातलं दुसरंच तेवढं सांगतोस."

भाऊ बराच वेळ खंडाची पानं चाळत होता. मग त्यानं जे मांडलं, ते त्याच्या आधीच्या सगळ्या आक्षेपांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं.

मामा : हेलोइजला बाविसावी करायची म्हणतेस. कर. पण वेताळाच्या गोष्टीत एक गोम आहे. लोक समजतात, हा एकच माणूस आहे आणि तो मरत नाही. सगळी दहशत त्या समजावर उभी. म्हणजे हेलोइजनं पोशाख चढवला तरी जंगलाला वाटणार, तोच जुना पुरुष आला. तिनं चाच्यांना धूळ चारली तरी नाव त्या न मरणाऱ्या बुवाचं. ज्युलीचा आकडा लागला नाही, तसा हिचा लागेल, पण चेहरा कुणाला कळणार नाही. तुझ्या मंदाकिनीचं बरोबर उलटं. तिचा चेहरा आधी, मुकुट नंतर. तसं करणार असाल तर माझी हरकत नाही. हेलोइजनं गुहेतून बाहेर येऊन सगळ्या जंगलापुढं मुखवटा काढावा आणि सांगावं, की मी बाविसावी, आणि आधीचे एकवीसही वेगवेगळे होते.

भाची : मग वेताळ संपेल की. न मरणाऱ्याची दंतकथाच मोडेल.

मामा : मोडू दे. एका मुलीचं नाव कळण्यासाठी मोडत असेल तर मोडू दे. आणि तिच्याकडून परत मागून घेऊ नका.

भाची : हे तू बोलतोयस?

मामा : मी बोलतोय. तरी माझं पहिलं म्हणणं सोडत नाही. मराठीत मुलांसाठी एक नवी नायिका काढ. नाशिकची, गोदाकाठची, कुणाची वारस नसलेली. छपाईचं मी बघतो.

यावर दोघांचं एकमत झालं असं नाही. मुलीला वाटतं, की हेलोइजनं मुखवटा उतरवला तर वेताळ सामान्य होईल, आणि मुलींना सामान्य वारसा का द्यायचा? भावाला वाटतं, की चेहरा लपवून मिळालेलं मोठेपण बाईच्या कामाचं नाही. मी भावाच्या बाजूची आहे. वारसा बाईला द्यायचा असेल तर आधी तिचा चेहरा दाखवावा, तिच्या नावानं द्यावा, आणि दिल्यावर परत घेऊ नये. मार्व्हलनं वारसा दिला, पण यातलं काहीच धड पाळलं नाही. फाळक्यांनी पहिली गोष्ट १९१९ मध्येच करून दाखवली.

'कालिया मर्दन'चा बराचसा भाग सुदैवानं टिकला आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं तो जपला आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे. तिथं शाळांच्या सहली जातात, मुलं बागेत खेळतात आणि परत येतात. त्यांतल्या किती जणांनी मंदाकिनीला पाहिलं असेल? नाशिकच्या शाळांना आणि सांस्कृतिक संस्थांना माझी विनंती आहे, की वर्षातून एकदा, ३० एप्रिलला फाळक्यांच्या जयंतीला किंवा सुट्ट्यांमुळे जमेल त्या दिवशी, कालिदास कलामंदिरात हा चित्रपट मुलांना दाखवावा. मूकपट आहे, तेव्हा पेटी-तबल्याची साथ शाळेतल्याच मुलामुलींनी करावी. तिकीट ठेवू नये. आणि पहिल्या रांगेत मुलींना बसवावं.